चोरीला गेलेली त्रेचाळीस उत्तरं

१

चोरी झाली हे निखतला कळलं शनिवारी सकाळी साडेदहाला, आणि चोर आपणच ठरलो आहोत हे कळायला पुढची दहा मिनिटंही लागली नाहीत.

चोरीला गेलं काय, म्हणाल? सोनं नाही, नाणं नाही. उत्तरं! अमरावतीच्या केशवराव इंगोले सरांच्या घरी पुढच्या खोलीत एक लोखंडी कपाट होतं. त्यात संत्र्याच्या सहा लाकडी पेट्या, आणि पेट्यांमध्ये उभी लावलेली सोळाशे बारा कार्डं. सर गेली बत्तीस वर्षं एका स्थानिक दैनिकात 'शब्दाचं माहेर' नावाचं साप्ताहिक सदर लिहीत होते. इंग्रजीतला अमका शब्द कुठून आला, तमका वाक्प्रचार कसा पडला, सारख्या दोन शब्दांतला कोणता कुठं वापरायचा, असल्या शंका वाचक पाठवायचे. पत्रं तरी कुठून कुठून यायची! दर्यापूरचे मास्तर, मोर्शीचे बागायतदार, परतवाड्याचे पोस्टमन. दर शंकेला एक क्रमांक, दर क्रमांकाचं एक कार्ड, आणि कार्डावर सरांच्या वळणदार अक्षरात इंग्रजी टिपण. आता त्यांचं पुस्तक निघायचं होतं. सोमवारी सगळं छापखान्यात जाणार होतं.

निखत अकोल्याच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवायची. चार वर्षं झाली, दर शनिवारी एसटीनं येऊन ती सरांची कार्डं लावत होती. का, तर हौस. भक्ती म्हणा हवं तर. त्या दिवशी तिनं कपाट उघडलं, पहिल्या पेटीत हात घातला आणि कार्डं सैल लागली. तिनं मोजली. पुन्हा मोजली. सहाही पेट्या मोजून झाल्या. त्रेचाळीस कार्डं नव्हती!

"सर, गेल्या शनिवारी पूर्ण होती. मी स्वतः मोजली होती."

ऐंशीला टेकलेले सर खुर्चीतून उठले, पेट्या पाहिल्या, निखतनं केलेली यादी डोळ्यांजवळ धरली.

"पॉश गेलं. रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज गेलं. सेव्ह्ड बाय द बेल गेलं. अगं, वेचून नेलीत! सगळ्यात रंगतदार तेवढी! हे काही रद्दीवाल्याचं काम नाही. इंग्रजी जाणणाऱ्याचं आहे."

"पण सर, कोण..."

"कुलूप शाबूत आहे. किल्ल्या दोन. एक माझ्या सदऱ्याच्या खिशात, एक तुझ्या पर्समध्ये." सरांचा आवाज चढला. "अकोल्याच्या त्या गजेंद्रला असंच पुस्तक काढायचंय. गुरुवारी पेढे घेऊन आला होता, तासभर कपाटाकडं बघत बसला. तूही अकोल्याची. किती दिवस झाले हे ठरवून?"

लीलाकाकू, सरांच्या पत्नी, चहा घेऊन दारात उभ्या होत्या. दर शनिवारी निखतला जेवल्याशिवाय न सोडणाऱ्या काकू! त्या काहीतरी बोलतील म्हणून निखतनं त्यांच्याकडं पाहिलं. कपातला चहा बशीत सांडला, पण काकू बोलल्या नाहीत.

"बत्तीस वर्षं!" सर म्हणाले. "सुरुवातीला एकदा, सतराव्या आठवड्यात चूक झाली माझी. त्यानंतर एका माईच्या लालानं बोट ठेवलं नाही माझ्या उत्तरावर. आणि तू घरात घुसून लुटलंस मला. जा इथून."

सरांनी मागोमाग कॉलेजात फोन लावला असावा; ती बसस्टँडवर पोचेपर्यंत प्राचार्यांचा फोन आला. ते सरांचे जुने विद्यार्थी. "मॅडम, सोमवारी बारापर्यंत लेखी खुलासा द्या. सरांनी तक्रार मागे घेतली नाही, तर तुम्हाला वर्गावर पाठवणं मला जमणार नाही. आणि खरं सांगू? चोरीचा बट्टा लागलेल्या बाईला दुसरं कोणतंही कॉलेज उभं करत नाही."

निखत अकोल्याच्या बसमध्ये चढली नाही. तिनं ऑटो केला आणि थेट शफीमामूंचं दुकान गाठलं.

२

शफीमामू म्हणजे तिच्या आईचे थोरले भाऊ. धंदा पुस्तकं बांधण्याचा. पुठ्ठा, खळ, सुई-दोरा यांत चाळीस वर्षं गेलेली. इंग्रजीचं एक अक्षर वाचता येत नाही, पण आख्ख्या मोहल्ल्यात कोणाची कोंबडी जरी हरवली तरी लोक त्यांच्याकडं यायचे. मामू दोन-चार खुळचट वाटणारे प्रश्न विचारायचे आणि कोंबडी सापडायची.

सरांच्या सदराची कात्रणंही दरवर्षी तेच बांधायचे. एक प्रत सरांना, एक स्वतःच्या फळीवर.

"रडनं झालं असंन तं तोंड धू," मामू खळीचा हात पुसत म्हणाले. "आन् मले सांग, गेलं ते काय हाय? नाव नोको सांगू. आत काय लिवलं ते सांग."

निखतनं मोबाइलवरची यादी उघडली, फळीवरचे बांधीव खंड काढले आणि एकेक उत्तर वाचायला लागली. 'पॉश' म्हणजे जहाजाच्या तिकिटावरची चार अक्षरं, साहेब लोकांच्या सावलीतल्या खोल्यांसाठी. 'कॅट्स अँड डॉग्ज' म्हणजे पावसात गवती छपरांवरून घसरून पडणारी कुत्री-मांजरं. 'सेव्ह्ड बाय द बेल' म्हणजे जिवंत पुरलेल्या माणसाच्या हातातली घंटेची दोरी. 'रूल ऑफ थम' म्हणजे बायकोला अंगठ्याएवढ्या जाड काठीनं मारायची मुभा देणारा कायदा.

दहावं वाचलं, विसावं वाचलं. तिसाव्याला ती थांबलीच.

"काहून थांबली?"

"मामू, हे सगळं खोटं हाय!"

"खोटं मंजे?"

"मंजे कहाण्या. ऐकायला गोड, पन पुरावा काहीच नाई. पॉशचं तसलं तिकीट आजवर कोणाले सापडलं नाई. घंटा तर बॉक्सिंगच्या आखाड्यातली हाय, कबरीतली नाई. अंगठ्याचा असा कायदाच नव्हता." तिनं उरलेली भराभर चाळली. "त्रेचाळीसमधली बेचाळीस चूक हायेत. एकच बरोबर, ओकेचं. अमेरिकेतल्या एका पेपरनं केलेल्या थट्टेतून तो शब्द आला, हे सरांनी बरोबर लिहिलंय."

मामूंनी चष्मा कपाळावर चढवला. चोरानं माल सोडून भेसळ तेवढी उचलली होती! असला चोर त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

"हे चूक हाय, हे कोनाले माईत?"

निखतनं हातातला खंड मिटला. हे तिला माहीत होतं. चार वर्षांपासून. कार्डं लावताना एकेक चूक तिच्या ध्यानात येत गेली होती आणि सरांना सांगायची तिची छाती झाली नव्हती.

"मले," ती कशीबशी म्हणाली. "या अमरावतीत फक्त मले, मामू."

३

"मंजे तूच चोर," असं काही मामू म्हणाले नाहीत. "गजेंद्राले पाहून येऊ," म्हणाले.

रविवारी दुपारी दोघं अकोल्यात पोचली. गजेंद्र हा सरांचाच एके काळचा विद्यार्थी. आता त्याच्या इंग्रजीच्या क्लासची पाटी चौकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत होती आणि पाटीवर त्याचा स्वतःचा फोटो सरांच्या कपाटाएवढा.

चोरीचं ऐकून तो आधी हसला, मग भडकला.

"मी चोरीन? त्या कार्डांत चोरण्यासारखं आहे काय? निम्म्या तर भाकडकथा! मी काय आजचं बोलून राहिलो का? अठरा वर्षांत पंधरा पत्रं लिहिली सरांना. पोस्टानं. इज्जतीत लिहिली. एकाचं उत्तर येईल तर शपथ!"

निखत चमकली. "पंधरा पत्रं? सरांना?"

"मग काय तुम्हाले? वर मोठ्या आकड्यात शंका क्रमांक, खाली मराठीत स्वच्छ लिहायचं, हे उत्तर चूक आहे, कारण असं असं. पॉशवर लिहिलं, कॅट्स अँड डॉग्जवर लिहिलं. ओकेवर तर दोनदा लिहिलं! तो ग्रीक शब्द आहे, सरळ गोष्ट आहे."

"नाही हो, ओकेचं सरांचं बरोबर..."

"मॅडम, माझ्याकडं आठशे पोरं शिकतात," गजेंद्रनं तिला तोडून टाकलं. "गुरुवारी तेच विचारायला गेलो होतो. पेढे दिले, पाया पडलो, म्हटलं सर, माझी पत्रं भेटली का? तर म्हणे, कसली पत्रं? मले वाटलं म्हातारा मुद्दाम करून राहिला. पेढ्याचा डबा ठेवला आणि आलो उठून."

"हे विचारलं तवा खोलीत कोन होतं?" इतका वेळ गप्प बसलेले मामू म्हणाले.

"कोणी नाही. मी आणि सर. काकू पाणी घेऊन आल्या तेवढ्याच."

मामूंनी मान डोलावली, गजेंद्रला सलाम केला आणि ते जिना उतरले. खाली आल्यावर निखतनं पाहिलं तर त्यांचा चेहरा एकदम उतरला होता. चोर सापडल्यावर मामू खुश व्हायचे. आज त्यांना कोणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं होतं.

४

परतीच्या एसटीत मामू मूर्तिजापूर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "एक सांग. चोरानं जे कपाटात ठेवलं, त्यात काही खोटं हाय का?"

निखतनं डोळे मिटून आठवलं. "हाय एक. न्यूज. चारी दिशांच्या पहिल्या अक्षरांपासून तो शब्द झाला म्हणतात. साफ खोटं. नवीन ते न्यूज, एवढंच."

"मंग ते काहून सोडलं त्यानं?"

"काय माहीत! ते तर सगळ्यात ढळढळीत हाय. पन आपल्याकडं शाळेत सगळ्यायले तेच शिकवतात. मलेही तेच शिकवलं होतं. त्यामुळे ते चूक हाय असं कोणी..." ती बोलता बोलता थांबली.

"बोल, बोल."

"असं कोणी कधी लिहिणारच नाई."

"आन् ओके? ते तं बरोबर होतं. ते काहून नेलं?"

"कारण गजेंद्रनं लिहिलं, ते चूक हाय."

"दोनदा लिवलं," मामू म्हणाले. "आता माह्यं ऐक. मी चाळीस वर्षं इंग्रजी पुस्तकं बांधून राहिलो. आत राम लिवला की रहीम, मले नाई समजत. पन एक पान इकडचं तिकडं होत नाई. कसं? छापखान्यातून फर्मे, मंजे छापलेल्या पानाईचे गठ्ठे, येतात, दर फर्म्याखाली नंबर असते. मी नंबर पायतो आन् लावतो. चोरानं बी तेच केलं, बेटा. तुमी सगळे शिकलेले लोक म्हणून राहिले का चोर लय हुशार, त्याले इंग्रजी येते. अवं, इंग्रजी येत असतं तं ओके ठेवलं असतं न् न्यूज नेलं असतं! त्याच्यापाशी चुकाईची यादी नव्हती. तक्रारीची होती. पत्रावरचा नंबर पायला, कार्डावरचा नंबर पायला, काढलं. चोराले इंग्रजी येतच नाई!"

निखत त्यांच्याकडं बघतच राहिली.

"सर म्हणतात, बत्तीस वर्षांत एक तक्रार नाई. गजेंद्र म्हणते, पंधरा धाडल्या. दोघं बी खरं बोलून राहिले. मंग पत्रं अडली कुठं? फाटकातून टेबलापर्यंत येताना अडली. आन् सरांच्या सदऱ्याचा खिसा धुन्याआधी कोन रिकामा करते?"

"नाही!" निखत इतक्या मोठ्यानं ओरडली की कंडक्टरनं मागं वळून पाहिलं. "काकू नाही, मामू. त्यांनी मला लेकीसारखं... त्या दारात उभ्या होत्या! सर मला चोर म्हणत होते आणि त्या तिथंच उभ्या होत्या!"

मामूंनी तिचा हात धरला. "मालूम हाय," ते म्हणाले.

५

सोमवारी सकाळी नऊ वाजता दोघं मागच्या दारानं गेली. सर पुढच्या खोलीत होते. लीलाकाकू स्वयंपाकघरात पीठ चाळत होत्या. निखतला पाहताच त्यांच्या हातातली चाळणी थांबली. मामूंना काही विचारावंच लागलं नाही. काकू उठल्या आणि कोठीमागून एक पत्र्याचा डबा ओढून काढला. डब्यात वर त्रेचाळीस कार्डं. खाली पत्रंच पत्रं. पोस्टकार्डं, आंतर्देशीय, पाकिटं, काही पिवळी पडून कडांना झिजलेली.

"सतराव्या आठवड्यात पयलं पत्र आलतं," काकू खालच्या आवाजात म्हणाल्या. "चूक झाली म्हणून त्यायनं तीन दिवस अन्नाले हात लावला नाई. चौथ्या दिवशी आंगनात पडले. डॉक्टर म्हणे, मनाले लावून घेतलं, छातीवर आलं. तवापासून फाटकात डाकवाला मीच गाठते. सातवी शिकली मी. मराठी वाचता येते. तारीफ असली का त्यायच्या टेबलावर, चूक असं लिवलं असलं का डब्यात."

"आणि कार्डं, काकू?"

"पेपर काय, दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते. पुस्तक राह्यते, माय. त्यात लोकायनं चुका पायल्या असत्या तं हे जगले असते का? गजेंद्र आला, पत्राचं बोलला, मले धडकीच भरली. दुसऱ्या दिवशी खिशातली किल्ली घेतली. मले वाटलं, सोळाशेतली चाळीस कोन मोजते?"

"मी मोजते," निखत म्हणाली. तिला रडू आवरेना. "मी मोजते, काकू! आणि मला चोर म्हटलं तेव्हा तुम्ही गप्प बसलात. माझी नोकरी जाईल, माझं नाव जाईल, हे ऐकूनही गप्प बसलात?"

काकूंनी मान खाली घातली. "दोन दिवस झाले, पानी गोड नाई लागलं. पन तोंड उघडलं असतं तं हे गेले असते. तुले दुसरी नोकरी भेटन असं मनाले सांगत व्हती मी. पाप केलं."

बारा वाजायला तीन तास होते. खुलासा द्यायचा म्हणजे हा डबा सरांपुढं ठेवायचा. निखतनं डब्याकडं पाहिलं, पुढच्या खोलीच्या दाराकडं पाहिलं. आत सर खोकत होते. "चला मामू," ती म्हणाली. "मी दुसरं काहीतरी लिहून देते."

"खबरदार!" लीलाकाकू एकदम ताडकन म्हणाल्या. त्यांनी डबा कमरेवर घेतला, पुढच्या खोलीत गेल्या आणि सरांच्या टेबलावर तो पालथा केला. पत्रांचा ढीग सरकत सरांच्या मांडीवर आला.

सरांनी एक पत्र वाचलं. दुसरं वाचलं. विसाव्या पत्राला त्यांनी चष्मा काढला आणि डोळे चोळले. निखतचा जीव टांगणीला लागला होता, मामूंनी तर डॉक्टरांचा नंबर काढून ठेवला होता. पण सर पडले नाहीत. अर्ध्या तासानं त्यांनी फोन उचलला आणि प्राचार्यांना लावला.

"चोरी झालीच नाही. कार्डं घरातच होती. त्या मुलीला मी चोर म्हणालो ती माझी चूक. एक नाही, बऱ्याच चुका झाल्यात माझ्या. हे सगळं मी लेखी देतो, तू नोटीस बोर्डावर लाव."

फोन ठेवून ते निखतकडं वळले. "मला माफ कर, पोरी. आता एक विचारतो, खरं सांग. ही उत्तरं चूक आहेत, हे तुला ठाऊक होतं?"

इथं खोटं बोलणं किती सोपं होतं! नाही म्हटलं की झालं, नाव धुऊन निघालंच होतं.

"होतं, सर. चार वर्षांपासून. आणि कपाटात अजून एक आहे. न्यूजचंही चूक आहे."

सर तिच्याकडं असे पाहत राहिले की निखतला शनिवारचं चोर म्हणणं बरं होतं असं वाटलं.

"ही सातवी शिकलेली," ते सावकाश म्हणाले. "नवरा मरेल म्हणून घाबरली. तू तर मास्तरीण. तुला कशाची भीती होती?"

"तुम्ही दुखावाल याची."

"मी शिक्षक होतो गं! आणि दोघींनी मिळून मला देवघरात बसवलं." मग त्यांनी खण उघडून कोऱ्या पोस्टकार्डांचा गठ्ठा काढला. "छापखान्याला सांग, पुस्तक या वर्षी नाही. आधी उत्तरं जातील. लीला, ही पत्रं मिसळली सगळी. पहिलं तर मीच वाचलं होतं. त्यानंतरचं, दुसरं पत्र कोणाचं होतं?"

लीलाकाकूंनी ढिगाकडं पाहिलंसुद्धा नाही.

"शंका एकतीस," त्या म्हणाल्या. "नत्थुजी गावंडे, मुक्काम चांदूर. लिवलं व्हतं, सर, तुमचं उत्तर वाचून लय आनंद झाला, पन मले ते बरोबर वाटत नाई, रागावू नका. मंग शंका चव्वेचाळीस, माणिकबाई तायडे, कन्याशाळा, अचलपूर. शंका बावन्न..."

एकामागून एक. नाव, गाव, मजकूर. बत्तीस वर्षांचं सगळं त्या बाईला तोंडपाठ होतं! निखत आणि मामू तोंडात बोट घालून ऐकत होते. सरांनी हात वर करून बायकोला थांबवलं, पहिलं पोस्टकार्ड पुढं ओढलं आणि लिहिलं: 'श्री. नत्थुजी यांस, आपण बरोबर होता.'

"पन बत्तीस वर्षं झाली," लीलाकाकू हळूच म्हणाल्या. "तो मानूस आता जित्ता तरी असंन का?"

"नसला तर पत्र परत येईल," सर म्हणाले. "या वेळी ते माझ्या हातात दे."